एका खुर्चीपुरता आवाज

११ फेब्रुवारी

भावजी, नमस्कार.

माझं पत्र बघून दचकू नका. यांचे मित्र म्हणून तुम्ही घरी यायचात तेव्हा मी चहा ठेवायचे आणि शिलाई मशीनवर जाऊन बसायचे, एवढीच आपली ओळख. डिसेंबरात मी तुम्हाला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुम्ही उचललात, मी "वहिनी बोलतेय" म्हटलं आणि लाइन गेली. शेवटी यांच्या कपाटात तुम्ही पाठवलेल्या ट्रान्सफॉर्मरचं खोकं सापडलं. पत्ता त्यावरचा.

तुम्हाला कळलं असेल-नसेल म्हणून सांगते. गेल्या मे महिन्यात सव्वीस तारखेला यांना अर्धांगाचा झटका आला. मीटर तपासायला निघाले होते. बूट घालायला खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. ऐकू सगळं येतं, समजतंही. हो-नाही मानेनं सांगतात. पण तोंडातून शब्द एकच निघतो. "बघू." पाणी हवंय का? बघू. पाय दुखतोय का? बघू. रागावले तरी बघू आणि रडले तरी बघू. दर गुरुवारी बोलणं शिकवायला एक बाई येतात. त्या म्हणाल्या, माणसानं जन्मभर जो शब्द जास्तीत जास्त वापरला तो कधीकधी असा शिल्लक राहतो. मी म्हटलं, बाई, हे सांगायला शिकलेलं माणूस कशाला हवं?

मुद्द्यावर येते. मागच्या खोलीत यांचे ते दोन स्पीकर अर्धवट उभे आहेत. माझ्या खांद्याएवढ्या लाकडी चौकटी, छिद्राछिद्रांचे पत्रे आणि एका चकचकीत पातळ पडद्याची गुंडाळी. टीव्ही लावला की हे कान झाकून घेतात. हात एकच चालतो, तर एकच कान झाकला जातो, ते मला बघवत नाही. रेडिओही नको. दिवसभर खुर्ची त्या चौकटींकडे वळवून मागतात आणि बघत बसतात.

मला ते स्पीकर पुरे करायचेत. कसे करायचे ते लिहून पाठवा.

तुमची वहिनी


२६ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

पत्र वाचलं आणि हातातली तार तशीच राहिली. मला जूनमध्येच कळलं होतं, त्याच्या ऑफिसातल्या एकाकडून. यायला हवं होतं. दुकानात ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा मी एकटा, घरी वाट बघणारं कुणी नाही, तरी सवड नाही, अशी माझी गत आहे. फोनची लाइन आमच्याकडे वरचेवर जाते.

स्पीकरचा नाद मात्र सोडा. साध्या स्पीकरमध्ये कागदाचा भोंगा असतो, मागे लोहचुंबक असतं, लहान मूलही तो उघडून बघू शकतं. हा प्रकार वेगळा. केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा दोन पत्र्यांच्या मधोमध ताणून बसवायचा, त्यावर तीन हजार व्होल्टचा भार ठेवायचा. गाणं सुरू झालं की कधी पुढचा पत्रा पडद्याला ओढतो, कधी मागचा, आणि त्या ओढाताणीतून आवाज निघतो. तीन हजार, वहिनी. एखादा शौकीन बघून देऊन टाका.

एक विचारायचं होतं. पहिलवानाला सगळं आठवतं का? (आम्ही त्याला पहिलवानच म्हणायचो. फुंकर मारली तर उडेल अशा माणसाला दुसरं काय म्हणणार?) म्हणजे झटका यायच्या आधीचे दिवस वगैरे?

तुमचा,
भावजी


५ मार्च

भावजी,

"नाद सोडा" एवढं लिहायला तुम्हाला दोन आठवडे लागले?

आठवणीचं म्हणाल तर डॉक्टर म्हणतात ती शाबूत आहे. तुम्ही चौकशी केलीत असं मी यांना सांगितलं तर डोळे भरून आले. मान तिकडे फिरवली आणि बराच वेळ माझ्याकडे बघेनात. इतका जीव असेल तुमच्यावर असं मला वाटलं नव्हतं.

आता मला भीती घालू नका. गेली तीस वर्षं मी शिवतेय. अंगाला चिकटणारं अस्तर, हातातून सुळकन निसटणारं रेशीम, सगळं ताणून, बेतून, शिवून दिलंय. पडदा कसा ताणायचा ते मला जमेल. विजेचं तेवढं तुम्ही सांगा.

माझा दिवस कसा जातो ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून तुम्ही नाद सोडा म्हणता. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. यांची चाकाची खुर्ची जिन्याच्या तोंडापर्यंत येते आणि तिथून परत फिरते. माझंही तसंच. गुरुवारी त्या बाई पाऊण तास येतात, तेवढा वेळ मी बाहेर. दोरा, बटणं, औषधं, भाजी, आणि पळत परत. एखाद्या वेळी आठ-नऊ मिनिटं उरतात, तेव्हा कोपऱ्यावरच्या बाकावर बसते. गेल्या गुरुवारी बाकावर दुसरंच कुणी बसलं होतं तर मला रस्त्यात रडू फुटलं. एका बाकासाठी!

यांची वही माझ्याकडे आहे. त्यात मापं आहेत, चित्रं आहेत. एका खोलीचा नकाशाही आहे. चौदा बाय अठरा, दोन खिडक्या, स्पीकर भिंतीपासून चार फूट पुढे, समोर एक खुर्ची. आमच्या घरात एवढी खोली कुठली? तुमच्याकडची असेल. तुम्ही सांगितलं नाहीत तर मी वहीवरून करीन, मग काय व्हायचं ते होवो.

तुमची वहिनी


१७ मार्च

वहिनी,

हात टेकले तुमच्यापुढे. वहीवरून काही करू नका. त्याचं अक्षर त्यालाच लागायचं नाही.

विजेची पेटी मी इथे बनवतो आणि चारी बाजूंनी बंद करून पाठवतो. ती उघडायची नाही. पॅनेलला, म्हणजे पडदा बसवलेल्या चौकटीला, हात लावायच्या आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग दहा मिनिटं थांबायचं, आणि पेटीबरोबर एक दांडीची तार येईल ती टेकवून राहिलेला भार उतरवायचा. एवढं करूनही काम करताना एक हात खिशात. तुमच्या कपड्यांना खिसा नसेल तर शिवून घ्या. चेष्टा करत नाही.

पडदा ताणायची युक्ती मजेशीर आहे. सायकलची जुनी ट्यूब घ्या, टेबलाच्या कडेकडेनं चौकोनी मांडा. वरून पडदा पसरा आणि त्याच्या कडा टेबलाच्या खालून चिकटपट्टीनं घट्ट चिकटवा. मग ट्यूबमध्ये पंपानं हवा भरायची. ट्यूब फुगेल तसा पडदा चहूबाजूंनी सारखा ताणला जातो. टिचकी मारली की ढोलकीसारखा बोलला पाहिजे. कमी ताणला तर तो पत्र्याला जाऊन चिकटेल आणि तिथेच अडकून बसेल. मग त्यावर कापसानं ग्रॅफाइटची पूड चोळायची, मग पुसायची, इतकी पुसायची की आपण उगीच चोळली असं वाटावं. धूळ बसू देऊ नका. एक कण आत गेला तरी तडतड करत बसेल.

नकाशातली खोली माझ्या दुकानामागची. आम्ही दोघांनी तिथे ते लावून ऐकायचं ठरवलं होतं. खुर्ची एकच का, तर या स्पीकरचा आवाज बॅटरीच्या झोतासारखा सरळ जातो. नेमक्या जागी बसलं की गाणारा समोर उभा राहतो. वीतभर सरकलं की गेला. म्हणून ऐकणारा एका वेळी एकच.

तुमचा,
भावजी


२८ एप्रिल

भावजी,

झालं! दोन्ही नाही, एक. पण बोलतोय.

सगळं सांगते. पहिला पडदा मी जास्त हवा भरल्यामुळे टर्रकन फाटला. दुसरा माझ्या अंगठीनं. तिसऱ्या वेळी अंगठी काढली, बांगड्या काढल्या, केस बांधले आणि अस्तर बेतताना घेते तसा हातानं अंदाज घेत घेत ताणला. हे शेजारी खुर्चीत होते, टेबलापासून लांब. मी तांब्याची पट्टी उलट्या बाजूला लावायला निघाले तर यांनी डाव्या हातानं खुर्चीचा हात असा बडवला की मी उडालेच. "इकडून?" बघू. "मग इकडून?" बघू, पण मान हलली. असं करत करत आम्ही दोघांनी मिळून तीन आठवडे काम केलं. भावजी, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, एका टेबलाशी दोघांनी मिळून काही केलंय असं मला आठवत नाही.

तुमची पेटी जोडली. यांच्याकडची एक जुनी ध्वनिफीत लावली, एक बाई एकटीच गातेय, साथीला काही नाही. गाणं सुरू व्हायच्या आधी तिनं श्वास घेतला तो ऐकू आला. मी मागे वळून बघितलं, खोलीत कोण आलं म्हणून. यांनी कान झाकला नाही. डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या पॅनेलचा पडदा मात्र तुम्ही म्हणालात तसा फट् आवाज करून पत्र्याला चिकटला. तो पुन्हा करीन.

आता मोठी बातमी. लेक जूनमध्ये सुट्टी काढून गाडी घेऊन येतेय. मी तिला म्हटलं, आपण तिघं भावजींच्या गावी जाऊ. स्पीकर त्या दुकानामागच्या खोलीत लावू, यांना त्या खुर्चीच्या जागी बसवू, चार दिवस राहू. मी गावाबाहेर पडले त्याला दोन वर्षं झाली. यांना सांगितलं तर मान इतकी हलवायला लागले की खुर्ची करकरली. हो म्हणतायत की नाही तेच कळेना. आनंदच झाला म्हणायचा.

कुठली तारीख सोयीची ते कळवा.

तुमची वहिनी


९ मे

वहिनी,

येऊ नका. आधी हे वाचा, आणि वाचायच्या आधी बसा.

माझ्या दुकानामागे खोली नाही. दुकानामागे बोळ आहे. नकाशातली खोली दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर आहे. ती पहिलवानानं स्वतःसाठी ठरवली होती. एक जूनपासून तो इथे येऊन राहणार होता आणि माझ्याबरोबर दुकानात काम करणार होता. चार दिवसांसाठी नाही. कायमचा. एकटा.

दुसरी बाई वगैरे काही नाही, तसं मनात आणू नका. त्याला नुसतं निघायचं होतं. तुम्हाला सगळं सांगणार आहे असं मला दर फोनवर म्हणायचा. सांगितलं नव्हतं, हे मला तुमचं पहिलं पत्र वाचून कळलं. त्याला काय आठवतं असं मी विचारलं ते काळजीनं नाही, भीतीनं विचारलं.

लाइन गेली नव्हती. तुमचा आवाज ऐकून मी फोन ठेवला.

आणि मी त्याला "ये" म्हणत होतो. वर्षभर म्हणत होतो. मला सोबत हवी होती. ही माझी चूक मी त्याच्या माथी मारत नाही.

भावजी


२० जुलै

भावजी,

दहा आठवडे तुम्हाला उत्तर दिलं नाही. रागानं नाही. म्हणजे रागानंच, पण तुमच्यावरच्या नाही.

पत्र वाचलं त्या दिवशी मी दोन्ही पॅनेलं भिंतीकडे तोंड करून ठेवली. लेकीला सांगितलं, येऊ नकोस, यांना प्रवास झेपणार नाही. त्यानंतर यांचं सगळं केलं. अंघोळ, कपडे, घास भरवणं, मालीश, कूस बदलणं, एक दिवस चुकवलं नाही. फक्त बोलले नाही. एक अक्षर नाही. घरात आधीच एक माणूस मुकं, त्यात मी दुसरं. गुरुवारच्या बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, घसा बसलाय.

करत असताना एकच विचार. मी ज्याला खांद्यावर घेऊन न्हाणीत नेतेय, तो मला सोडून जायला सहाच दिवस उरले होते. झटका आठवडाभर उशिरा आला असता तर तो तुमच्या पदरात पडला असता आणि मी इथे मोकळी, नवऱ्यानं टाकलेली का असेना, पण जिना उतरून खाली जाणारी बाई असते. असं मनात आलं की लाज वाटायची. लाज वाटली की अजून जपून करायचे.

जुलै लागला तेव्हा एक दिवस दाढी करत होते. ब्लेड गळ्याशी होतं तेव्हाच विचारलं, "तुम्ही जाणार होतात?"

डोळे मोठे झाले. मग मान हलली. हो.

"मला सांगणार होतात?"

 मग मान नाही म्हणाली. खोटं बोलले नाहीत, तेवढं त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते.

"का जाणार होतात?"

आता याला मानेनं कसं उत्तर देणार? तोंड उघडलं, ओठ वाकडे झाले, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि बाहेर काय आलं ते तुम्हाला माहीत आहे. मी हसले, भावजी. साबणाचा फेस माझ्या हातावर, यांच्या डोळ्यांतून पाणी, आणि मी वेड्यासारखी हसतेय.

माझा प्रश्न आता जन्मभर असाच राहणार. यांच्या पोटात उत्तर आहे आणि बाहेर यायला वाट नाही. ते ऐकलेला माणूस जगात एकच आहे. ते काय म्हणाले होते ते तुम्ही लिहा. जसंच्या तसं. गोड करून नको.

वहिनी


२ ऑगस्ट

वहिनी,

जसंच्या तसं लिहितो.

शेवटचा मोठा फोन एप्रिलच्या अखेरीस झाला. मी म्हटलं, "अरे, वहिनी वाईट आहेत का?" तो म्हणाला, "मुळीच नाही. तिच्यात दोष काढायला गेलो तर दिवस वाया जाईल." मग म्हणाला, "आम्ही संध्याकाळी बसतो. ती मशीनवर, मी माझ्या तारा घेऊन. मशीन थांबलं की मला भीती वाटते, कारण आता काहीतरी बोलायला लागणार. तिलाही वाटत असेल, कारण ती लगेच पुन्हा सुरू करते." मी म्हटलं, "मग बोल ना." तो म्हणाला, "काय बोलू? लेक बाहेरगावी गेल्यापासून आम्हाला विषयच नाही. तिला माझी गरज नाही. मी गेलो तर तिला जागा होईल, कापड पसरायला."

आणि असंही म्हणाला : "इथे मला ऐकायला कुणी नाही, म्हणून मी ऐकायची यंत्रं बनवतोय."

त्यानं येण्याची तारीख तीनदा पुढे ढकलली. पण त्यावरून मनाची समजूत घालू नका. चौथ्यांदा नक्की केली होती आणि बॅग भरली होती. ती त्याच्या ऑफिसातच असावी.

आता माझं. ती खोली अजून तशीच आहे, मी दुसऱ्या कुणाला जाऊ दिली नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही. तळमजला आहे, उंबरठासुद्धा नाही, खुर्ची थेट रस्त्यावर जाते. दुकानात आता मी दोन माणसं ठेवलीत. मी त्याला इकडे घेऊन येतो. त्याला यायचंच होतं. अंघोळीपासून सगळं मी करीन, शिकून घेईन. तुम्ही मोकळ्या व्हा.

उपकार म्हणून म्हणत नाही. मी त्याला "ये" म्हटलं होतं, ते "ये" मी अजून मागे घेतलेलं नाही.

भावजी


३० ऑगस्ट

भावजी,

कापड एकदा कापलं की कापलं, म्हणून मी मोजते दोनदा. यांना तीनदा विचारलं. तीन वेगवेगळ्या दिवशी. "भावजींकडे, त्या खोलीत राहायला जायचं आहे?" तिन्ही वेळा हो. तिसऱ्या वेळी मान जरा सावकाश हलली, पण हलली.

लेकीला फोन केला. ती किंचाळलीच. "आई, तू बाबांना घराबाहेर काढतेस?" मी म्हटलं, "ते निघालेच होते गं. बूट घालायचे राहिले." तिला सगळं सांगितलं.  मग म्हणाली, "लोक तुलाच नावं ठेवतील." ठेवू देत. लोकांनी यांना दुसऱ्या मजल्यावरून खाली आणलं नाही कधी.

दुसरं पॅनेल पुरं केलं. अर्धवट पाठवणं माझ्या हाताला जमत नाही, गिऱ्हाईक असो की नवरा. पडदा असा बसलाय की तुम्ही टिचकी मारून बघाच. दोन्ही लावून यांना मध्ये बसवलं, दोन दिवस ऐकवलं. मी बाजूला उभी. मला आपला अर्धाच आवाज, भिंतीवरून आलेला.

तिसऱ्या दिवशी हे झोपले होते, तेव्हा मी शिलाईचं स्टूल आणून नेमक्या त्या जागी ठेवलं आणि बसले. ती गाणारी बाई माझ्यासमोर उभी राहिली, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. ती माझ्यासाठी गात होती. फक्त माझ्यासाठी. किती वर्षांनी कुणी माझ्याकडे तोंड करून काही म्हटलं असेल! तुमच्या मित्राला काय हवं होतं ते मला तिथे कळलं. मला ते पटलं नाही, पण कळलं. मलाही तेच हवं होतं आणि मी मशीन चालवत बसले होते.

सोळा सप्टेंबरला या. खुर्चीसकट उचलायला खालची तीन माणसं सांगून ठेवलीत, चौथे तुम्ही. टेम्पो उंच बघा, पॅनेलं उभीच न्यावी लागतात. औषधांची यादी सोबत देते. डाव्या कुशीवर झोप लागते, उजव्या नाही. घास लहान द्यायचा आणि गिळेपर्यंत वाट बघायची.

वहिनी


२५ ऑक्टोबर

वहिनी,

तुम्ही दोन पत्रं पाठवलीत, मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. आता तो झोपलाय तेवढ्यात लिहितो.

पहिला पंधरवडा छान गेला. स्पीकर नकाशाबरहुकूम लावले, त्याला मध्ये बसवलं. तो सकाळपासून ऐकायचा आणि मी त्याचा चेहरा बघायचो. तुम्ही ताणलेला पडदा मी उघडून पाहिला. चाळीस वर्षं या धंद्यात आहे, मला असा जमला नसता.

मग हळूहळू बिनसलं. आता तो स्पीकरकडे पाठ करून बसतो. खुर्ची दाराकडे वळवून मागतो. दार उघडं असतं, रस्ता दिसतो, मी म्हणतो चल, फिरवून आणतो, तर नको. नुसता बघत बसतो. कुणी बाई पिशवी घेऊन समोरून गेली की मान वर होते, मग खाली. मी विचारलं, घरी जायचंय? हो. मग विचारलं, इथेच राहायचंय? तेही हो. वहिनी, मी काय समजू?

माझी गत सांगायला लाज वाटते. दुकानातली माणसं किल्ली न्यायला येतात, तेवढंच जगाचं तोंड दिसतं. काल दाढी करायला बाहेर पडलो, तर अर्धी दाढी झाल्यावर उठून आलो, त्याला खोकला आला असेल या भीतीनं. न्हावी मागून हाका मारतोय. तुमच्या त्या बाकाबद्दल वाचलं होतं तेव्हा मला वाटलं होतं, वहिनी जरा वाढवून लिहितात.

तुम्ही एकदा या. न्यायला या असं म्हणत नाही. खरं सांगायचं तर न्यायलाच म्हणत होतो, दोन ओळी आधीपर्यंत. आता खोडून नुसतं "या" म्हणतो.

भावजी


३ नोव्हेंबर

भावजी,

तुमची अर्धी दाढी वाचून मी हसले, आणि मग हसले याचं वाईट वाटलं.

मी मोठ्या शिवणशाळेत कापायच्या टेबलावर लागलेय. आम्ही बाराजणी आहोत, दिवसभर तोंडं चालू. संध्याकाळी बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत जाते आणि त्याच बसनं परत येते. तरी मोकळं होणं मला अजून जमत नाही. बाहेर पडून पाऊण तास झाला की पाय आपोआप घराकडे वळतात. जिना चढून दार उघडते, आत कुणी नाही. मग दारातच उभी राहते जरा वेळ. कुलूप कुणी घातलं होतं आणि कोण आत होतं, याचा हिशोब लागत नाही.

मी येतेय. शनिवारी दुपारी पोहोचेन. न्यायला नाही, भेटायला. चार दिवस यांचं सगळं मी बघेन. तेवढ्यात तुम्ही कुठेही जाऊन या, दाढी पुरी करा, एखाद्या बाकावर बसा. चार दिवसांनी तुम्ही परत यायचं, हे मात्र तुम्ही मला नाही, यांना सांगून जायचं, तोंडावर.

पुढेही येत जाईन, महिन्याला चार दिवस. जमेल तोवर. यांना घरी यायचं आहे की तिथे राहायचं आहे ते यांनाही ठरवता येत नसेल, तर मी एकटीनं ठरवून टाकणार नाही. येऊन बसेन, विचारत राहीन. बोलायला विषय नव्हता म्हणतात ना, आता निदान एक आहे.

परतीचं तिकीट काढलंय, मंगळवारचं, संध्याकाळच्या गाडीचं. आल्या आल्या ते यांच्या डाव्या हातात देणार आहे आणि समोर बसून सांगणार आहे की मी या दिवशी, या वेळेला जाणार. जायचं असेल त्यानं आधी सांगावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

वहिनी